वाफेच्या कलकत्त्याचा नकाशा

नकाशाचं प्रमाण एक इंचाला दीड मैल होतं. फुलस्केप कागदावर सियालदहपासून खाली बजबजपर्यंतचा भाग बसवायचा, तर दुसरं प्रमाण चालत नव्हतं. गार्डन रीच, सियालदह आणि आमच्या भवानीपूरच्या घराजवळचं एक ठिकाण, अशी तीन लाल वर्तुळं होती. निळ्या शाईच्या बारीक रेघा म्हणजे जमिनीखालच्या नळ्या. बजबजच्या तेलाच्या टाक्यांवर मी लाल फुली मारली होती. कोपऱ्यात एक कोष्टक होतं: दोन्ही तोंडं बंद केलेली लोखंडी नळी किती दाबाला फुटेल.

हा नकाशा मी सत्तर साली काढला, तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि रेल्वेच्या आकडेवारी विभागात नोकरीला होतो. गार्डन रीचला ऑफिस. बदलीवर येऊन चार वर्षं झाली होती. नकाशा काढताना त्यात काही भलतं दिसेल असं माझ्या मनातही आलं नाही. तो एका गोष्टीसाठी होता.

आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीला एक हस्तलिखित अंक निघे. प्रत एकच. ती सतरा घरांत फिरायची, प्रत्येक घरी चार दिवस. शेवटच्या पानावर रकाने आखलेले असत: कुटुंबाचं नाव, अंक मिळाल्याची तारीख, पुढे दिल्याची तारीख, अभिप्राय. त्या वर्षी अंक जुळवण्याचं, पानांवर आकडे घालण्याचं आणि शिवण्याचं काम माझ्याकडे होतं. लेखकांना मी आखीव कागद दिले होते, पानाला सव्वीस ओळी. कागद वाया जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी लिहायचं, हा नियमही माझाच.

गोष्टीची कल्पना मात्र माझी नव्हती. मंडळात एक निवृत्त गणिताचे शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या घराण्याची तिसरी पिढी कलकत्त्यात होती. त्यांच्या पत्नी इथेच जन्मलेल्या, गॅसच्या दिव्यांच्या उजेडात वाढलेल्या. हळदीकुंकवाच्या वेळी त्या सांगत की लहानपणी त्यांना वाटायचं, आपण म्हाताऱ्या होऊ तेव्हा सगळं शहर वाफेवर चालेल, ट्राम गच्च्यांच्या उंचीवरून जातील, आणि निरोप पितळी नळ्यांतून घरोघरी पोचतील. पुढे वीज आली आणि ते शहर कधी झालंच नाही. माझी बायको ते ऐकून आली आणि तिने मला सांगितलं. मी म्हटलं, पण झालं असतं तर? बॉयलर कुठे बसवला असता? वाफ सियालदहपर्यंत पोचताना दाब किती उतरला असता?

मंडळाच्या कपाटात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. त्यांत आमच्या आजोबांच्या वेळच्या लोकांनी येणाऱ्या काळाची चित्रं काढलेली होती. वाफेचा रथ, चाकं फिरवून उडणारं गलबत, किल्ली दिलेला यांत्रिक नोकर. त्या लोकांना ते सगळं खरंच येणार असं वाटत होतं. मला ठाऊक होतं की ते आलं नाही. तरी त्यांनी पाहिलेला उद्या मला आमच्या उद्यापेक्षा बरा वाटला. आमच्या उद्याची तेव्हा धास्तीच होती. भिंतींवर नक्षलवाद्यांच्या घोषणा, गल्लीत बॉम्ब, दिवेलागणीच्या आत दारं बंद. बायको पाव आणायला गेली तरी परत येईपर्यंत मी खिडकीत उभा असे. तेव्हा घरात बसून मी वीज न आलेलं कलकत्ता उभं केलं. त्या शहरात तेलही आलं नव्हतं, फक्त कोळसा. म्हणून बजबजच्या टाक्यांवर फुली.

मास्तरांच्या पत्नींनी, म्हणजे बाईंनी, त्याच आठवणी स्वतःच्या हाताने अंकासाठी लिहून दिल्या. एकच पान, एका बाजूला. दुसरी बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूवर मी माझा नकाशा काढला. नकाशाचं पान एक्केचाळीस, बाईंचं बेचाळीस. दोन्ही मजकूर एकाच विषयाचे, शेजारी शेजारी आले, कागदही वाचला. मी खूश होतो. अंक निघाल्यावर तीन आठवड्यांत बाई वारल्या.

माघात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातल्या एका बंगाली सहकाऱ्याने सांगितलं की त्याच्या भाच्याच्या मेसवर, म्हणजे पोरं मिळून राहतात त्या घरावर, पहाटे धाड पडली. अशा धाडीला तेव्हा सगळे कोम्बिंग म्हणत. गल्लीची दोन्ही तोंडं अडवायची आणि घर न् घर तपासायचं.

"सापडलं काय?" मी विचारलं.

"काय सापडणार? एकाच्या वहीत ट्रामच्या रस्त्यांचा हाताने काढलेला नकाशा होता. सातही जणांना नेलं. तू जेवत का नाहीस?"

मी डबा बंद केला. माझ्या डोळ्यांपुढे पान एक्केचाळीस आलं. लाल वर्तुळात सियालदह. लाल वर्तुळात गार्डन रीच, जिथे मी रोज ओळखपत्र दाखवून आत जात होतो. तेलाच्या टाक्यांवर फुली. बंद नळी फुटण्याचं कोष्टक. गोष्ट वगळून नुसतं ते पान पाहिलं, तर त्याचा एकच अर्थ निघत होता. तो मला चार महिने दिसला नव्हता.

अंक तेव्हा अकराव्या घरी होता, मास्तरांकडे. सियालदहच्या मागच्या गल्लीत. चार दिवसांऐवजी एकोणीस दिवस झाले होते, आणि मी आठवड्यापूर्वीच त्यांना पोस्टकार्ड टाकलं होतं की अंक कृपया वेळेवर पुढे द्यावा.

अर्धी रजा टाकून मी निघालो. आधी बायकोला सांगायला घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि तुम्ही आपल्या घराजवळ पण एक गोल काढलाय."

"तो बॉयलर आहे."

"ते मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?" मग थोड्या वेळाने, "मास्तरांच्या घरी ती पोरगी आहे ना. तिला काही होऊ देऊ नका."

पोरगी म्हणजे मास्तरांची नात. आई-वडील आसनसोलला, ही कॉलेजसाठी आजोबांजवळ. भूगोल घेऊन दुसऱ्या वर्षाला होती. त्या दिवसांत वीस वर्षांचं वय हाच पुरेसा पुरावा होता, मुलगा असो की मुलगी.

धर्मतल्ल्याला बस बदलली. सियालदहला उतरलो तेव्हा गाड्यांची गर्दी नेहमीसारखी बाहेर पडत होती. घाऊक बाजारात मात्र निम्म्या फळ्या लावलेल्या. कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. मास्तरांचं घर कांद्याच्या गोदामावर, पहिला मजला, चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मी मागे पाहिलं.

मास्तर खिडकीजवळ बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागलं.

"या, या. वसुलीला आलात. पत्र मिळालं तुमचं. एकोणीस दिवस, ठाऊक आहे मला. दंड सांगा."

"मास्तर, अंक कुठे आहे?"

"अहो, बसा तर. हिला चहा टाकू दे."

नात शेगडीपाशी होती. कोळसे फुललेले होते. मी चप्पलही नीट काढली नाही. अंक टेबलावरच होता, बेचाळिसावं पान उघडलेलं. मी ते उलटून नकाशा पाहिला. पानाच्या चारही कोपऱ्यांत बारीक भोकं होती, मी अंक शिवला तेव्हा नसलेली.

"ही टाचणीची भोकं कसली?"

नात म्हणाली, "मी ट्रेस केला, काका. मला मराठी वाचायला वेळ लागतो ना. अक्षर जोडून जोडून वाचते. मग गोष्ट समजायला नकाशा बंगालीत केला. छान झाला आहे. दाखवू?"

भूगोलाच्या फाइलमधून तिने ट्रेसिंग पेपर काढला. रेघा माझ्याहून सुबक होत्या. वर्तुळं तशीच लाल, फुली तशीच. नावं सगळी बंगालीत. माझ्या मराठी नकाशाला निदान बावीस पानांच्या गोष्टीची सोबत होती. याच्याबरोबर काहीच नव्हतं. कुठलाही शिपाई तो नुसता हातात घेऊन वाचू शकला असता.

"हा कॉलेजात नेला होतास?"

"एकदाच. मैत्रिणीला दाखवायला."

मी त्यांना मेसची हकिगत सांगितली. नातीचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या हातून ट्रेसिंग पेपर घेतला आणि शेगडीकडे वळलो.

"काका, थांबा. मागे पण आहे. मागे मी लिहिला आहे..."

"नंतर, नंतर," मी म्हटलं आणि कागद निखाऱ्यांवर धरला. ट्रेसिंग पेपर किती झटकन पेटतो हे मला माहीत नव्हतं. बोटं भाजली. ती आणखी काहीतरी म्हणाली, पण तोवर मी टेबलाशी परत येऊन कातर शोधू लागलो होतो. अंकातलं एक्केचाळिसावं पान कापायचं आणि तेही जाळायचं, एवढंच डोक्यात होतं.

मास्तरांनी अंकावर हात ठेवला.

"ते नाही."

"मास्तर, पान माझं आहे."

"एका बाजूने. दुसऱ्या बाजूने तिचं आहे. तिने लिहिलेलं घरात दुसरं काही नाही. धोब्याचा हिशेबसुद्धा तिने कधी लिहून ठेवला नाही, सगळं तोंडपाठ." त्यांनी हात काढला नाही. "मला ते वाचता येत नाही आता. ही वाचून दाखवते, अडखळत. म्हणून एकोणीस दिवस लागले. तुम्ही मागच्या बाजूला नकाशा काढलात, त्याला मी काय करू?"

मी म्हटलं, आधी पानाची नक्कल करतो, मग कापतो. पाच मिनिटं लागतील. त्यांनी मान हलवली, नक्कल करा म्हणाले. मी पेनचं टोपण काढलं आणि खाली शिट्टी वाजली.

एक शिट्टी, मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून दुसरी. खाली गोदामाची लोखंडी फळी धाडकन पडली. कोणीतरी पळत गेलं आणि मध्येच पळणं थांबलं. घड्याळात तीन चाळीस झाले होते. बूट चौदा पायऱ्या चढून आले. मी ते मोजले, कारण दुसरं काही करणं मला सुचलं नाही.

चौघे आत आले. तिघे बंदुकीवाले, एक साध्या कपड्यांतला अधिकारी, माझ्याच वयाचा. कपाट, गादी, तांदळाचा डबा, भूगोलाची फाइल. फाइलमध्ये नद्यांचे नकाशे होते. अधिकाऱ्याने एक एक पान पाहून नातीला बंगालीत विचारलं, कुठलं कॉलेज, कुठली मैत्रीण, संध्याकाळी कुठे असतेस. ती उत्तरं देत होती. तो ट्रेसिंग पेपर त्या क्षणी फाइलमध्ये असता, तर पुढे काय झालं असतं हे मी आजही मनात पुरतं येऊ देत नाही.

मग त्याने टेबलावरचा अंक उचलला. पानं चाळली. एक्केचाळीसवर थांबला. नागरी अक्षरं त्याला येत होती. सियालदह त्याने मोठ्याने वाचलं. गार्डन रीच वाचलं. बजबजवरच्या फुलीवर बोट ठेवलं आणि कोष्टक खालपर्यंत पाहिलं.

"हे कोणी काढलंय?"

खोलीत आम्ही तिघे होतो. मी बोलणार होतो असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मी बोललो नाही, एवढंच खरं आहे.

"मी," मास्तर बंगालीत म्हणाले.

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. जाड भिंगांकडे पाहिलं. मग त्या केसासारख्या निळ्या रेघांकडे.

"आपण काय करता?"

"चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं."

"मास्टरमोशाय, या टाक्यांवर फुली का?"

"ही गोष्ट आहे. कलकत्त्यात वीज आणि तेल कधी आलंच नाही, अशी."

"वीज नाही ते तर रोजच पाहतो आम्ही," अधिकारी म्हणाला. एक शिपाई हसला आणि गप्प झाला. अधिकाऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "आणि हे?"

"पाहुणे आहेत. अंक परत न्यायला आलेत," मास्तर म्हणाले.

मी ओळखपत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं. माझा हात पाहिला, भाजलेली बोटं पाहिली, शेगडी पाहिली. राखेत कागदाचं एक काळं पापुद्र्यासारखं टोक अजून उभं होतं. त्याला सगळं कळलं होतं असं मला वाटतं. त्याने का सोडलं ते मला कधी कळलं नाही. कदाचित त्यालाही शाळेत गणिताचे मास्तर असतील.

त्याने शेवटचं पान उघडलं नाही. तिथे सतरा कुटुंबांची यादी होती. त्याने फक्त एक्केचाळिसावं पान शिवणीपासून फाडलं आणि घडी घालायला लागला.

मास्तर उठले. "त्याच्या मागे माझ्या पत्नीचं लिखाण आहे. ती गेली."

अधिकाऱ्याने पान उलटून पाहिलं. "एका कागदाची एकच बाजू मी कशी नेऊ, मास्टरमोशाय?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. घडी खिशात गेली. मास्तरांना दुसऱ्या दिवशी दहा वाजता ठाण्यावर यायला सांगून ते खाली उतरले.

थोड्या वेळाने फळी वर गेल्याचा आवाज आला. मास्तर म्हणाले, "असू दे. हिने ते बंगाली अक्षरांत उतरवून घेतलंय, भरभर वाचता यावं म्हणून. काढ गं तुझा कागद."

नात जागची हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "मी सांगत होते," ती म्हणाली. "नकाशाच्या मागेच लिहिला होता आजीचा मजकूर. कागद वाचवायला."

शेगडीवरचं चहाचं पाणी आटून गेलं होतं.

मास्तर दोनदा ठाण्यावर जाऊन आले. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, मग सोडलं. दोन्ही वेळा मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो, आत गेलो नाही. पुढचे पाच-सहा महिने जिन्यावर पाऊल वाजलं की माझं जेवण थांबत असे. अंक बाराव्या घरी गेला. मास्तरांनी अभिप्रायाच्या रकान्यात मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "पृष्ठे ४१-४२ नाहीत. बाकी उत्तम."

पावसाळा संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. सव्वीस ओळी आखलेला कोरा कागद बरोबर नेला होता. आधी जे सांगायचं ते सांगितलं: नकाशा माझा होता, मी बोलायला हवं होतं.

"बोलला असतात तर तुम्ही गेला असतात, आणि पान गेलं असतं ते गेलंच असतं," मास्तर म्हणाले. "सोपं उदाहरण आहे."

त्यांचं उदाहरण बरोबर होतं. पण शेगडीवरचा कागद त्यांनी त्यात धरला नव्हता, आणि तो धरायला लावण्याचं धैर्य मला झालं नाही. आम्ही आठवायला बसलो. ट्राम गच्चीवरून जाईल तेव्हा खिडकीतून हात काढून आईला डबा देता येईल, हे नातीला आठवलं. पितळी नळीतून आलेलं पत्र गरम असेल, हिवाळ्यात ते आधी गालाला लावून मग वाचायचं, हेही तिलाच आठवलं. मला शेवटची ओळ आठवत होती: "मी अजून वाट पाहते." एकंदर तीन ओळी झाल्या. मी ते पान अंकात घालताना ओळी मोजल्या होत्या, त्या सव्वीस भरल्या याची खात्री करून घेतली होती. वाचल्या होत्या फक्त एकदा.

"पुरे," मास्तर म्हणाले.

त्यानंतरच्या अंकांत मी लिहिलं नाही, पण तो नाद मंडळात राहिला. पुढच्या वर्षी कोणी किल्लीवर चालणाऱ्या कलकत्त्याची गोष्ट लिहिली, नंतर बँकेतल्या एकाने डिझेलच्या विमानांच्या बंदराची. प्रत्येकाने आपल्या आधीच्या पिढीचा न आलेला उद्या उचलला. नकाशा कोणी काढला नाही. आता मी पन्नाशी ओलांडली आहे आणि मुलीने आणून दिलेल्या इंग्रजी पुस्तकांवरून कळतं की या लिखाणाला बाहेर नाव पडलं आहे, स्टीमपंक. वाफेचं वेगळं, डिझेलचं वेगळं, घड्याळाच्या चक्रांचं वेगळं. चित्रांत पितळी नळ्या असतात, डोळ्यांना मोठे चष्मे लावलेली माणसं असतात. नळ्यांची तोंडं बहुधा चुकीच्या जागी असतात, दाब तिथवर टिकणार नाही. मुलगी हसते. "बाबा, गोष्ट वाचा हो," म्हणते.

बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीला नकाशा असतो. तो आला की मी आधी पान उलटून मागे काय आहे ते पाहतो.

सव्वीस ओळींचा तो कागद माझ्याजवळ आहे. तीन ओळी भरलेल्या, तेवीस कोऱ्या. त्याच्या मागच्या बाजूला मी काही लिहिलेलं नाही.